हसरा चेहरा नंतर, आधी ‘उद्या या’ बंद करा

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली शाखा, मॅनेजर धरून सात माणसं, रोजचे अडीचशे-तीनशे ग्राहक. त्यात पेन्शनर, शेतकरी आणि बचत गटाच्या बायका जास्त. ‘ग्राहकांशी आपुलकीने वागा’ म्हणून वरून दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्याचं पोस्टर लागलं, सगळे ‘नमस्कार, या, बसा’ म्हणू लागले. तरी गावात शाखेचं नाव ‘उर्मट’ असंच आहे. नेमकं काय करावं?

उत्तर जरा लांबेल, कारण बँकेत ‘आपुलकी’ हा शब्द फार ढिला वापरतात. बारा किलोमीटरवरून एसटीने आलेल्या माणसाला नमस्कार केलात, बसवलंत, पाणी दिलंत आणि शेवटी ‘आधारची झेरॉक्स लागेल, उद्या या’ म्हणालात, तर त्याच्या लेखी तुम्ही उर्मटच. त्याची मजुरी बुडाली, गाडीभाडं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याला कळलं की झेरॉक्सवर सहीही लागते. उलट, तोंड आंबट ठेवून का होईना, एका फेरीत काम उरकून देणाऱ्या जुन्या कॅशियरबद्दल गाव चांगलंच बोलतं. शाखेची वागणूक लोक हेलपाट्यांत मोजतात, म्हणून सुरुवात हेलपाट्यांपासून करा.

तीन दिवस निवडा: एक सोमवार, एक आठवडी बाजाराचा दिवस आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यातला एखादा पेन्शनच्या गर्दीचा दिवस. दाराशी एक माणूस वही घेऊन बसवा. बाहेर पडणाऱ्याला एकच विचारायचं, ‘काम झालं का?’ नाही म्हणाला तर का नाही, ते दोन शब्दांत लिहायचं. ‘झेरॉक्स’, ‘सही’, ‘साहेब रजेवर’, ‘लिंक’, ‘मशीन बंद’, ‘त्या शाखेत जा’. नाव किंवा खाते नंबर विचारू नका. विचारलंत की लोक ‘झालं, झालं’ म्हणून निघून जातात. चौथ्या दिवशी प्रत्येक कारणापुढे काड्या ओढून मोजा. सगळा गठ्ठा पाच-सहा कारणांत सापडतो. त्यातली बरीच कारणं कुणाच्या स्वभावाची नसतात, मांडणीची असतात. एकच माणूस लॉकर पाहतो आणि तो जेवायला गेलाय. पासबुकाच्या प्रिंटरची रिबन संपलीय. कागद काय लागतात हे तीन टेबलांवर तीन प्रकारे सांगितलं जातं.

हे शेवटचं दुखणं सर्वांत मोठं, आणि त्यावरचा उपाय दाराजवळच्या टेबलावर आहे. अगदी छोट्या शाखा सोडल्या तर ‘चौकशी’ किंवा ‘मे आय हेल्प यू’ असं टेबल ठेवावं, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं जुनंच आहे. बहुतेक शाखांत तिथे पाटी असते आणि खुर्ची रिकामी असते; नाहीतर नवा शिकाऊ बसतो, नाहीतर सुरक्षारक्षक. रक्षक चांगला असतो, पण त्याला कागदातलं काय कळणार? तिथे शाखेतला दोन नंबरचा जाणकार बसवा. दिवसभर नाही जमलं तर साडेदहा ते साडेबारा तरी. त्याने स्लिपा वाटायच्या नाहीत, कागद तपासायचे. माणूस टोकन घेऊन पाऊण तास बसल्यावर ‘फोटो नाही आणला?’ हे कळण्यापेक्षा दारातच दोन मिनिटांत कळलेलं बरं; बाहेर फोटो स्टुडिओ असेल तर तो तेवढ्यात काढून येतो.

आणि जे आजच्या आज होणार नाही, त्याची चिठ्ठी द्यायची. तोंडी सांगायचं नाही. चतकोर कागदावर मराठीत, ठळक अक्षरात: ‘बंद पडलेले खाते चालू करणे. आणायचे: आधार, मूळ आणि एक झेरॉक्स, झेरॉक्सवर सही, पासबुक, फोटो दोन. स्वतः यावे. टेबल ३. परत टोकन लागणार नाही.’ खाली तारीख, आद्याक्षरी, शिक्का. मग ती वाचून दाखवायची, कारण घेणाऱ्याला वाचता येईलच असं नाही. घरी नातू वाचेल, झेरॉक्सवाला वाचेल. या चिठ्ठीत दोन गोष्टी बांधलेल्या आहेत. एक, लागणारं सगळं एकदाच सांगितलं गेलं. दोन, चिठ्ठीवर जे नाही ते दुसऱ्या खेपेला मागता येत नाही. मागायची वेळ आलीच तर चूक शाखेची, आणि काम मॅनेजरने लक्ष घालून त्याच दिवशी करायचं. पहिल्या पंधरवड्यात कर्मचारी कुरकुरतील, कारण आद्याक्षरी केली की जबाबदारी आली. कुरकुरू द्या.

जाता जाता: शाखेतल्या मशीनवर एक झेरॉक्स काढून द्यायला अगदी थोडे पैसे पडतात. म्हाताऱ्या माणसाला त्यासाठी उन्हात चौकापर्यंत पाठवून कागद वाचवणाऱ्या शाखेने वर्षातून एकदा ‘ग्राहक मेळावा’ घेऊन पेढे वाटू नयेत.

बंद पडलेल्या खात्याचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण तिथे अज्ञानातून सर्वांत जास्त छळ होतो. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ग्राहकाने स्वतः काही व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय धरतात. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे ते चालू करायला शुल्क नाही, निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही, केवायसीचे (ओळख आणि पत्त्याचे) कागद मूळ शाखेतच द्यायला हवेत असंही नाही, आणि पूर्ण अर्ज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ते काम व्हायला हवं. तरीही ‘तुमची शाखा नाशिकची, तिकडे जा’ हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतंच. सांगणारा उर्मट नसतो, त्याला परिपत्रक माहीत नसतं. म्हणून दर शनिवारी (दुसरा आणि चौथा सोडून) शटर पडल्यावर पंधरा मिनिटं बसा आणि एकच परिपत्रक मराठीत वाचा. मेलवर फॉरवर्ड केलेलं कुणी वाचत नाही.

आता बोलण्याकडे. ‘सिस्टीम घेत नाही’ या वाक्यावर शाखेत बंदी घाला. ग्राहकाला सिस्टीम म्हणजे काय ते माहीत नसतं, आणि सांगणाऱ्यालाही बहुधा नसतं. नकार द्यायचाच असेल तर त्यात तीन गोष्टी हव्यात: अडलंय कुठे, सुटेल कशाने, कधी. ‘काका, पासबुकात तुमचं नाव बबन आहे आणि आधारवर बाबन. त्यामुळे अनुदानाची नोंद अडकलीय. आधारप्रमाणे नाव बदलायचा अर्ज आत्ता भरून घेतो, परवा दुपारनंतर फोन करून विचारा, यायची गरज नाही.’ हे म्हणायला ‘होणार नाही’ म्हणण्यापेक्षा दहा सेकंद जास्त लागतात. ‘होणार नाही’वरून जो वाद पेटतो, त्यात दहा मिनिटं जातात.

नात्याची हाक चांगली, पण जपून. काका, मावशी, दादा, ताई सर्रास चालतात. ‘आजी’ मात्र पंचावन्नच्या बाईला म्हणून पाहा, चेहरा पडलेला दिसेल. शंका असेल तिथे मावशी किंवा ताई. निवृत्त शिक्षिका ‘मॅडम’वर खूश असतात, आणि त्या तुमच्याच कर्मचाऱ्याच्या शाळेतल्या बाई निघाल्या तर ‘बाई’वर जास्त. हाक कुठलीही असो, क्रियापद ‘तुम्ही’चंच हवं. साडी जुनी, पायात धुळीच्या चपला, की ‘ए मावशी, इकडे ये’ आणि इस्त्रीचा शर्ट आला की ‘या सर’; हा फरक सगळी रांग ऐकत असते. रक्कम मोठ्याने बोलायची नाही, हेही त्यातलंच. ‘आजी, तुमचे चाळीस हजार जमा झालेत’ अशी हाक हॉलभर गेली, की त्या आजी बाहेर पडताना त्यांच्या मागे कोण निघेल याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही. रक्कम स्लिपवर लिहून दाखवा.

सही. ‘सही जुळत नाही’ म्हणताना आवाज असा लागतो की समोरच्याला वाटतं, आपल्याला चोर म्हणाले. म्हाताऱ्या माणसाची सही बदलते. मोतीबिंदूने, कंपवाताने, किंवा वर्षानुवर्षं लिहिणं सुटल्याने. आधी स्लिपच्या मागे पुन्हा एकदा करायला सांगा, खाली वही किंवा पॅड द्या. थंडगार काचेवर पातळ कागद ठेवून कुणाचीच सही धड होत नाही. उभ्याने नको, बसून. तरी नाही जुळली तर ओळख पटवून त्याच बैठकीत नव्या सहीचा नमुना घ्या, पुढच्या महिन्याचा त्रास आत्ताच संपतो. हात फारच थरथरत असेल तर अंगठ्यावर जाण्याबद्दल विचारा, पण ‘आता अंगठाच लावा’ असं नाही. आयुष्यभर सही केलेल्या माणसाला अंगठा हा अपमान वाटतो. ‘दोन्ही नोंदवून ठेवू या का, अडचण नको’ म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचे पैसे काढायचे असतील तर अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ही तरतूद शाखेत दोघांना तरी माहीत हवी. नाहीतर रुग्णाला खुर्चीत घालून बँकेत आणल्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो.

अनुदानाच्या चौकशीला वेगळा परिच्छेद द्यायला हवा, कारण गर्दी आणि भांडणं दोन्ही तिथेच. पीएम किसानचे दोन हजार, लाडकी बहीणचे दीड हजार, गॅसचं अनुदान. बाई येते, ‘सगळ्यांचे आले, माझे नाही आले’. टेलर (काउंटरवर पैशाचे व्यवहार पाहणारा) खातं बघतो, ‘आमच्याकडे नाही आले’ म्हणतो, विषय संपला. बाई पंचायत समितीत जाते, तिथून सेतूत, तिथून परत बँकेत. खरं कारण बहुधा असं असतं: खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून आधारचा ‘डीबीटी’ दुवा त्या बँकेकडे असणं वेगळं. एका आधारचा हा दुवा एका वेळी एकाच बँकेकडे असतो, आणि जो सर्वांत शेवटी जोडला तो चालतो. मधल्या काळात कुणीतरी शिबिरात अंगठा घेऊन दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचं खातं उघडून दिलेलं असतं. पैसे तिकडे जमा होत असतात, पासबुक आलेलंच नसतं, बाईला त्या खात्याची आठवणही नसते. चौकशीच्या टेबलावरच्या माणसाने एवढंच करायचं: आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघायचं, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतो, तो त्यांनीच टाकायचा. बँकेचं नाव दिसतं. मग चिठ्ठी: ‘तुमचे पैसे अमुक बँकेच्या खात्यात जातात. तिथे पासबुक मागा, किंवा इथेच हवे असतील तर हा अर्ज भरा.’ पाच मिनिटांचं काम आहे, बँकेला त्यातून दमडी मिळत नाही, आणि शाखेचं नाव गावात सुधारण्यासाठी यापेक्षा स्वस्त काही नाही.

नोटांचंही तसंच. फाटक्या-मळक्या नोटा बदलून देणं हे उपकाराचं काम नाही, बँकांच्या शाखांवर ते बंधनकारक आहे, आणि त्यासाठी तो माणूस तुमचा खातेदार असायला हवा असं नाही. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे. पन्नास आणि वरच्या नोटेचा तुकडा ऐंशी टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, चाळीस ते ऐंशी टक्के असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. वाद नोटेच्या मापावरून होतो, म्हणून चौकटी आखलेला पारदर्शक कागद कॅश काउंटरवर ठेवा आणि ग्राहकासमोर नोट मांडून दाखवा. अर्धेच पैसे मिळालेला माणूस का मिळाले ते डोळ्यांनी पाहिल्यावर शांतपणे जातो. दहाच्या नाण्यांना बाजारात कुणी नाही म्हणालं तरी बँकेने म्हणायचं नाही. वेगवेगळी दिसणारी सगळी वैध आहेत. फक्त शंभर-शंभरच्या पिशव्या करून आणायला सांगा.

खोटी नोट हा खरा कसोटीचा क्षण. भरणा करताना एक पाचशेची नोट खोटी निघाली, तर नियमाने ती परत देता येत नाही, फाडून टाकता येत नाही, तिचे पैसेही खात्यात धरता येत नाहीत. तिच्यावर खोटी नोट म्हणून शिक्का मारून ती जप्त करायची आणि भरणा करणाऱ्याला पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत असतील तर महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवतात. पाच किंवा जास्त असतील तर एफआयआर. आता दूध संघाचे पैसे भरायला आलेल्या पोराला हे कसं सांगायचं? काउंटरवरून ओरडून नाही. कॅशियरने नोट बाजूला ठेवून अधिकाऱ्याला बोलवायचं, पोराला आत घ्यायचं, खरी नोट शेजारी ठेवून सुरक्षाधागा आणि जलचिन्ह दाखवायचं आणि पहिलं वाक्य हे: ‘तुझ्यावर कुणाचा संशय नाही, ही तुझ्याकडे फिरत आलेली आहे. पण ती मला परत देता येत नाही, ही पावती घे.’ दया म्हणून नोट परत देणारे कॅशियर असतात, लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. ती नोट संध्याकाळी एखाद्या भाजीवालीच्या गल्ल्यात जाते.

नोव्हेंबर महिना पेन्शनरांचा. हयातीच्या दाखल्यासाठी ऐंशीच्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. तो महिना त्यांना फोन करून वापरलात तर नोव्हेंबरची रांग छोटी होते. बोटांचे ठसे उमटत नाहीत ही नेहमीची रड. शेतात किंवा धुण्याभांड्यात झिजलेली, कोरडी बोटं असतात. कोमट पाण्याने हात धुवून कोरडे करायला सांगा, मशीनची काच पुसा, अंगठ्याऐवजी मधलं बोट घेऊन पाहा. तरी नाही तर चेहऱ्यावरून ओळख पटवणारं अॅप आहे, आणि तेही नाही तर अधिकाऱ्यासमोर सही केलेला कागदी दाखला आहेच. ‘मशीन घेत नाही, पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर होऊ शकत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना आणि अपंगांना घरपोच सेवेसाठी बँकांनी प्रयत्न करावेत, असं रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितलंय. सात माणसांच्या शाखेला ते रोज झेपणार नाही, पण आठवड्यातली एक दुपार आणि बँकमित्राची (गावोगाव बँकेचं काम करणाऱ्या प्रतिनिधीची) मोटारसायकल जमते. हॉलमध्ये हाताच्या खुर्च्या ठेवा. स्टीलचा बाक दिसायला छान असतो, त्यावरून गुडघे धरून उठणाऱ्यांना विचारा.

खातेदार गेल्यावर घरचे येतात तेव्हा तुमची शाखा कशी आहे ते कळतं. ‘अकाउंट होल्डर एक्स्पायर झालेत का?’ असं काउंटरवरून विचारलेलं कुटुंब जन्मभर विसरत नाही. मृत्यूचा दाखला हातात दिसला की त्यांना थेट आत घ्यायचं, टोकन नाही. खात्यावर नॉमिनी असेल, किंवा दोघांपैकी हयात असेल त्याला पैसे देण्याची अट असेल, तर वारसदाखला किंवा न्यायालयाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागायचं नाही, मात्र न्यायालयाचा मनाईहुकूम नसावा. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, नॉमिनीची ओळख, बास. कागद पूर्ण झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यायचे असतात. नॉमिनी नसेल तर प्रकरण लांबतं, पण ठरावीक रकमेपर्यंत सोपी पद्धत आहे. तुमच्या बँकेची मर्यादा किती, हे टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा. नॉमिनीला हेही सांगा की पैसे त्याच्या हातात पडले म्हणजे बाकीच्या वारसांचा हक्क संपला असं नाही, तो विश्वस्त म्हणून घेतोय. हे न सांगितल्यामुळे भावाभावांत जुंपते आणि मग दोघंही बँकेला शिव्या देतात. अजून एक: लोक दहाव्याच्या खर्चासाठी मयताच्या एटीएम कार्डाने पैसे काढतात. हेतू वाईट नसतो, पण ते करू नये, एवढं हळू आवाजात सांगून ठेवा. आणि त्या दिवशी त्या बाईला विमा किंवा नवी ठेव यातलं काहीही सुचवायचं नाही, टार्गेट कितीही बाकी असो.

त्यावरून नॉमिनेशन. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. पासबुक भरून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाचं नॉमिनीचं नाव छापलंय का ते बघून, नसेल तर फॉर्म तिथेच पुढे करा. वर्षभरात पुढचे कितीतरी हेलपाटे यातून वाचतात.

आता मॅनेजरच्या केबिनचा विषय, आणि इथे जरा स्पष्ट बोलावं लागेल. काउंटरवरच्या मुलीने नियमाने नाही म्हटलं. ग्राहक आवाज चढवून केबिनमध्ये गेला. मॅनेजरने चहा पाजला आणि काम करून टाकायला सांगितलं. ग्राहक खूश, मॅनेजर लोकप्रिय. त्या दिवशी रांगेतल्या वीस जणांना कळलं की ओरडलं की होतं, आणि त्या मुलीला कळलं की नीट समजावून सांगण्यात अर्थ नाही. तिचं बोलणं तुटक होतं ते तिथून. ती बरोबर असेल तर केबिनमधूनही तेच उत्तर यायला हवं, फार तर अधिक निवांत शब्दांत. ती चुकली असेल तर काम करून द्या, आणि तिला शटर पडल्यावर सांगा, ग्राहकासमोर नाही. दीडशे टोकन हाताळलेल्या टेलरकडून एकशेएक्कावन्नाव्याला हसू मिळणार नाही. दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटं खुर्ची बदला, जेवण पाळीपाळीने ठेवा आणि ‘लंच टाइम’ची पाटी काढून टाका.

आपुलकीचाही अतिरेक होतो, आणि तो महाग पडतो. सही केलेल्या कोऱ्या विड्रॉल स्लिपा ‘राहू द्या साहेब तुमच्याकडे’ म्हणून देणारे ग्राहक असतात; घ्यायच्या नाहीत. निरक्षर माणसाची स्लिप भरून द्यायला हरकत नाही, पण रक्कम त्याला वाचून दाखवून, आणि पैसे त्याच्याच हातात मोजून. मुलगा कितीही ओळखीचा असला तरी बापाच्या खात्यातली शिल्लक त्याला सांगायची नाही. लिंक गेली असताना ‘पैसे ठेवून जा, आली की टाकतो’ हे तर कधीच नाही. लिंक गेली की पाटीवर वेळ लिहा, टोकन दुसऱ्या दिवशीही चालेल असं सांगा, दूरच्या गावच्यांचे मोबाइल नंबर घ्या आणि खरंच फोन करा.

ओळखीचा उपयोग जिथे करायचाच, ती जागा वेगळी आहे. रोज पासबुक भरून गप्पा मारून जाणारे निवृत्त मास्तर एके दिवशी घाईघाईत येतात, सगळ्या ठेवी मोडायच्या म्हणतात, कुठल्यातरी अनोळखी नावाला आरटीजीएस करायचंय, फोन खिशात चालू आहे, डोळ्याला डोळा देत नाहीत. काउंटरवरच्याने मुकाट्याने व्यवहार करून दिला तर सेवा तत्पर झाली, आणि मास्तर आयुष्याच्या कमाईला मुकले. त्यांना आत बसवा. फोन बंद करायला सांगा. तोंडाने नाही, कागदावर लिहून, कारण फोनवर पलीकडे त्यांना धमकावणारा ठग ऐकत असतो. ‘डिजिटल अटक’ असं कायद्यात काही नाही, पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला कोंडून ठेवत नाही, हे सांगा. मुलाला किंवा मुलीला फोन लावू का विचारा. पैसे त्यांचे आहेत, शेवटी तुम्ही अडवू शकत नाही, पण अर्धा तास काढू शकता, आणि बहुतेक वेळा अर्धा तास पुरतो. पैसे गेलेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तुमच्याच टेबलावरून.

तक्रारवही मागितली की कर्मचाऱ्यांचे चेहरे पडतात. पडायचं कारण नाही. वही टेबलावर उघडी ठेवा, पान लिहून झालं की पोच फाडून द्या. चेकच्या पेटीजवळही हीच गोष्ट: कुणी काउंटरवर चेक देऊन पोच मागितली तर ‘पेटीत टाका’ म्हणून टाळता येत नाही. बँकेने तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे तुम्हीच सांगा. सांगणाऱ्या शाखेच्या तक्रारी वर कमी जातात, असा सगळ्यांचाच अनुभव आहे. माणूस बहुधा ऐकून घेतलं गेलं नाही म्हणूनच वर जातो.

दोन महिन्यांनी ती दाराशी बसवलेली वही पुन्हा काढा आणि त्याच तीन दिवसांच्या काड्या मोजा. क्यूआर कोडवरचे पाच तारे मोजू नका, ते काउंटरवरच्या मुलाने मित्रांकडून घेतलेले असतात.

आणि शटर. वेळ संपायच्या आत जो हॉलमध्ये शिरला, त्याचं काम करून द्यायचं असतं. पण पंधरा मिनिटं आधीच शटर अर्धं ओढून ठेवायची अनेक शाखांची सवय आहे. खाली वाकून आत यावं की नाही, या विचारात एखादी बाई पिशवी हातात घेऊन पायरीवर उभी राहते आणि मग एसटी चुकेल म्हणून निघून जाते. तिची नोंद तुमच्या कुठल्याच वहीत होत नाही. शटर वेळेवरच ओढा, आणि त्याआधी रक्षकाला पायरीवर एकदा नजर टाकायला सांगा.